रविवारची आई

प्रिय ठकू,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. आजवर तुला लिहिलं ते फ्रॉकच्या पिशवीत टाकलेल्या चिठ्ठ्यांवर, ‘कंबरेत थोडा सैल ठेवलाय, वाढतं अंग आहे’ एवढंच. त्यामुळे ही पानं बघून तू दचकशील. मी ठणठणीत आहे हे आधीच सांगते, म्हणजे घाबरून शेवटच्या पानावर उडी मारणार नाहीस. मधे मधे खोडलेलं दिसेल. पूर्वी एक वेलांटी वाकडी झाली तरी मी अख्खं पत्र नव्याने उतरवून काढलं असतं, पाच-पाच वेळा. आता तसं करायचं नाही अशी मला ताकीद आहे. कुणाची, ते ओघात येईलच.

आधी माझी खबर. मी पुन्हा कटिंगच्या टेबलावर गेले आहे. तुझ्या आठवणीत मी कायम काज-बटणाच्या यंत्रावर बसलेली असेन, पण तू जन्मायच्या आधी त्या गणवेशांच्या कारखान्यात मी कटिंगला होते. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी साचा ठेवायचा, खडूने आखायचं आणि बारा इंची कात्री एकदा घातली की बाहीची गोलाई संपेपर्यंत हात उचलायचा नाही. तेव्हाचे मास्तर म्हणायचे की या मुलीच्या हातात कात्री नाही, पेन्सिल आहे. एवढं चांगलं काम सोडून मी काज-बटणावर का गेले, कमी पगारावर, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कारखान्यात तर्क लढवले गेले. कुणी म्हणालं डोळे गेले, कुणी म्हणालं मास्तरांशी वाजलं. मी कुणाचंच खोडून काढलं नाही. आता नवीन मास्तर आहे, तुझ्याहून लहान. पहिल्या दिवशी माझ्या हातात कात्री देताना त्याचाच जीव वरखाली होत होता, आणि माझा किती होत होता ते त्याला कळलं असतं तर त्याने ती परतच घेतली असती.

दीड वर्षापूर्वी माझी नोकरी जायची वेळ आली होती. तुला बोलले नाही. संध्याकाळी कारखाना सुटला की शेवटची इस्त्री बंद करायचं काम माझ्याकडे होतं. मी ती बंद करायची, प्लग काढायचा, दाराला कुलूप लावायचं आणि बसथांब्यापर्यंत जायचं. तिथे पोचले की वाटायचं, प्लग खरंच काढला का? मग परत. कुलूप उघडायचं, हाताने प्लग चाचपायचा, पुन्हा निघायचं. असं सात-सात वेळा. प्लग काढलेला मला माझ्या डोळ्यांनी दिसायचा, ठकू, पण दिसलेलं आत पोचायचं नाही. एकदा मालकांनी मला पाचव्यांदा कुलूप उघडताना पकडलं. त्यांना वाटलं मी कापड चोरते आहे. चोरीचा आळ परवडला असता, पण खरं सांगायला तोंड नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहते. रुग्णालयात तीस वर्षं नोकरी करून आता घरी असते. दार लावून गेलेली मी पुन्हा पुन्हा जिना चढते हे तिने कधीच हेरलं होतं. एक दिवस तिने मला जिन्यातच अडवलं आणि म्हणाली की याला नाव आहे आणि यावर उपाय आहे, उद्या माझ्याबरोबर चल. मी आढेवेढे घेतले. ती म्हणाली, पायांचे तुकडे पडायच्या आत चल. गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायची कमी, ऐकायची जास्त. मी तिला इस्त्रीचं सांगितलं, गॅसच्या बटणाचं सांगितलं, हात धुण्याचं सांगितलं. सगळं सांगितल्यासारखं केलं. माझ्या पोटात जे खरं होतं त्याच्या आसपास मी चार भेटी घिरट्या घालत राहिले. तिने गोळ्या दिल्या, थोडा सराव दिला. लिहिलेलं पुन्हा उतरवून काढायचं नाही, ही ताकीदही तिचीच. मग एकदा तिने विचारलं की आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, हा आजार असलेल्या आणि नसलेल्या माणसांचे मेंदू काम करताना कसे चालतात ते बघायचं आहे, तुम्ही याल का? दुखत नाही, सुई नाही. मी होकार दिला, कारण मला वाटलं, न सांगताच त्या चित्रात सगळं दिसेल आणि मी सुटेन. इतकी मी भाबडी.

त्या यंत्रात लोहचुंबक असतो म्हणून अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. तिथल्या मुलीने मला तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हणाले, आणि मग तिला माझ्या खांद्याच्या शिवणीत दोन टाचण्या सापडल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईला टाचणी म्हणजे स्वतःचा केसच, लक्षातच येत नाही. मग त्यांनी मला कपडेच बदलायला लावले. आत झोपल्यावर कारखान्यातली सगळी यंत्रं डोक्याशी एकदम सुरू झाल्यासारखा आवाज. समोर छोट्या पडद्यावर अक्षरं यायची. अक्षर आलं की बटण दाबायचं, फक्त एक ठरावीक अक्षर आलं की हात रोखायचा. सोपं वाटतं. पण अक्षरं भराभर यायची आणि हात चुकून दाबला जायचाच. दाबला गेला की माझ्या छातीत धस्स व्हायचं आणि ते पुढची चार अक्षरं झाली तरी जायचं नाही. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एक बटण फक्त.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईने मला त्या अभ्यासाची चित्रं दाखवली. माझी एकटीची नाही, सगळ्यांची मिळून काढलेली. तिने आधीच बजावलं की एकाच माणसाचं चित्र बघून आजार ओळखता येत नाही, हे पुष्कळ जणांचं सरासरीने दिसतं, आणि अजून पुष्कळ कळायचं बाकी आहे. पण जे दिसलं ते असं. ‘काहीतरी चुकलंय’ असं सांगणारा मेंदूचा जो भाग, तो आमच्यासारख्यांमध्ये चूक झाली की जास्तच जोरात काम करत होता. आणि हात रोखायला, थांबायला जे भाग लागतात, ते इतरांपेक्षा कमी काम करत होते. मी तिला विचारलं की म्हणजे पायडलवरून पाय काढला तरी यंत्र शिवतच राहतं, तसं? ती हसली आणि म्हणाली, अगदी तसंच नाही, पण जवळपास. आमच्यासारख्यांना चूक कळत नाही असं नाही, उलट ती फार कळते, आणि ‘झालं, आता पुरे’ हे मात्र कळत नाही.

मी त्या कागदाकडे बघत बसले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी खाली मान घालूनच विचारलं, “आणि एखाद्या बाईला आपण आपल्याच बाळाला मारून टाकू अशी भीती वाटत असेल, तर तिच्या डोक्यात काय होत असतं?”

तिने पेन खाली ठेवलं. “किती वर्षं वाटते आहे तिला?”

“सव्वीस.”

“आणि सव्वीस वर्षांत तिने बाळाला काही केलं?”

“नाही. तिने बाळाला हातच लावला नाही.”

इथे थोडा वेळ थांब, ठकू. पाणी पी. मीही उठून पाणी पिऊन आले.

तू चाळीस दिवसांची होतीस. तुझे बाबा लांबच्या फेरीवर, ट्रक घेऊन गेले की चार-चार दिवस परत यायचे नाहीत. मी घरी कॉलर कापायचं काम आणलं होतं. दुपार होती, तू पलंगावर, तुझ्या मावशीने आणलेल्या पिवळ्या दुपट्यात बांधलेली, ठकी बाहुलीसारखी. मी टेबलाशी उभी, हातात कात्री. तू जांभई दिलीस. मी तुझ्याकडे बघितलं आणि डोक्यात एक चित्र आलं. ते चित्र मी इथे लिहिणार नाही. कात्री होती आणि तू होतीस, एवढं पुरे. एका क्षणाचं. तुला नुसतं बघून माझ्या छातीत दूध दाटून येत होतं, आणि त्याच क्षणी ते चित्र. मी कात्री टाकून दिली. टाकली ती पायावर पडली, अंगठ्याची खूण अजून आहे.

असं काहीबाही कुणाच्याही मनात येतं आणि जातं, असं आता मला सांगतात. माझ्या मनातून ते गेलं नाही. मला वाटलं, ज्या अर्थी हे मला दिसलं त्या अर्थी मला ते हवं आहे. मी कात्री कपाटात ठेवली. मग कपाटाला कुलूप लावलं. मग किल्ली शेजारणीकडे दिली. मग सुऱ्या. मग तुझ्या अंघोळीच्या पाण्याची भीती वाटायला लागली, तेव्हा शेजारीण येईपर्यंत मी तुला पारोशी ठेवायचे. मग खिडकीची. खिडकीला दोरी बांधली. आणि सगळं बांधून झाल्यावर उरले माझे दोन हात. ते कुठे ठेवणार? दूध पाजताना मी हात पाठीमागे धरून वाकून पाजलेलं आहे तुला. तू रडलीस तरी उचलायचे नाही. पाळण्याला दोरी बांधून दुसऱ्या खोलीतून झोके द्यायचे, आणि रडायचे.

चौथ्या महिन्यात मी तुझ्या मावशीला बोलावून घेतलं. ताईला मी म्हणाले की कारखान्यात परत बोलावलं आहे, दूधही आटलं आहे, हिला तू घेऊन जा थोडे दिवस. दूध आटलं नव्हतं. ताईला मूल नव्हतं, तिने तुला अशी छातीशी धरली की मला वाटलं, चला, वाचली पोर. तुझे बाबा फेरीवरून आले तर घरात पाळणा रिकामा. ते ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, “तुला काळीज दिलं नाही देवाने.” मी ऐकून घेतलं. मी जे आहे असं मला वाटत होतं त्यापेक्षा काळीज नसलेली बाई बरी होती. ते वारले तेव्हाही त्यांचं मत तेच होतं, आणि मी ते बदलू शकले असते, पण नाही बदललं. हे माझं मला फार लागतं.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. दर रविवारी बसने दोन तास, हातात शिवलेलं काहीतरी, आणि मावशीच्या घरी दाराजवळच्या खुर्चीवर मी. तू रांगायला लागलीस ते मी तिथून बघितलं, पहिला दात तिथून बघितला. तू पाच-सहा वर्षांची असताना एकदा मी आत आले आणि तू दोन्ही हात पसरून धावत आलीस, आणि मी मागे सरले. मागे भिंत होती म्हणून थांबले. तू मधेच उभी राहिलीस, हात तसेच, मग हळूहळू खाली घेतलेस आणि मावशीला विचारलंस की हिला मी आवडत नाही का. मावशी म्हणाली, दमली आहे ती प्रवासाने. तेव्हापासून तू मला अहोजाहो करायला लागलीस. रविवारच्या आई आल्या, म्हणायचीस. सगळे हसायचे.

तुझ्या लग्नात निघताना मी तुझ्यासमोर उभी राहिले तेव्हा तू कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालीस, “पाहुण्यासारख्या आलात, पाहुण्यासारख्या जा.” मला तुझा राग आला नाही. मला बरं वाटलं की तू बोललीस तरी.

तर डॉक्टरीणबाई. तिने मला खूप प्रश्न विचारले. कुणाचे आवाज ऐकू येतात का, कुणी तसं करायला सांगतं का, ते करावं असं कधी वाटलं का, ते केल्याने बाळाचं भलं होईल असं वाटलं का. प्रत्येकाचं उत्तर नाही, आणि मी प्रत्येकाचं उत्तर दोनदा दिलं. मग ती म्हणाली, “हाच तुमचा आजार आहे. इस्त्री आणि ही भीती, एकाच घरातल्या दोघी बहिणी. तुमच्या मनाला जे सगळ्यात प्रिय, त्याच्यावरच हा बोट ठेवतो. तुम्हाला तिला मारायचं होतं म्हणून ते चित्र आलं नाही. तुम्हाला ते इतकं नको होतं म्हणून ते गेलं नाही.” मी तिच्या टेबलावर डोकं ठेवलं. बाहेर माझ्यानंतरची माणसं खोळंबली होती, तिने कुणालाही आत घेतलं नाही.

त्यावर मी एकदम बरी झाले असं समजू नकोस. कळणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. सराव करायचा म्हणजे ज्याची भीती त्याच्याजवळ बसायचं, आणि भीती आपोआप उतरेपर्यंत उठायचं नाही, कुणाला ‘मी काही करणार नाही ना’ असं विचारायचं नाही. आधी घरात उघडी सुरी. मग कारखान्यात कात्री. मग मूल. मूल आणणार कुठून? मी त्या परिचारिकेला सगळं सांगितलं, तुला सांगते आहे तसंच, तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून. तिची नात दहा महिन्यांची, तेव्हा तिच्याच कडेवर होती. मला वाटलं आता ही मला दाराबाहेर काढणार. तिने पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, चहा टाकते म्हणाली आणि पाठ फिरवली. ओट्यावर सुरी तशीच. डोक्यात नको नको ते आलं, पण मी बसून राहिले. ती पोर माझ्या बांगड्या ओढत होती. बऱ्याच वेळाने तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या दंडावर जड झालं. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा मूल घेतलं, आणि ते दुसऱ्याचं. घरी आल्यावर मी त्या दंडाचा वास घेत बसले होते. वेड्यासारखी म्हणणार होते, पण तोही शब्द मी आता जपून वापरते.

हे सगळं मी तुला वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, पूर्ण बरी होते, मग सांगते, सगळं नीट टापटीप. ती पुन्हा आजाराचीच खोड. तुझ्या बाळंतपणात रुग्णालयात आले तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तू बाळ माझ्याकडे दिलं नाहीस, मी मागितलं नाही. मी मागायला हवं होतं.

आज सकाळी तुझी मावशी माझ्याकडे आली. कौतुकाने सांगत होती की बाळ आता पाच आठवड्यांचं झालं, तुझ्याकडे बघून हसतं. मग म्हणाली की तू तिला बाळ थोडे दिवस घेऊन जायला सांगितलं आहेस, मला जमत नाही म्हणालीस, आणि उद्या ती न्यायला येणार आहे. आणि हसत हसत पुढे मला म्हणाली, “तुझी लेक तुझ्यासारखीच तऱ्हेवाईक, स्वयंपाकघरात एक सुरी सापडेल तर शपथ, सगळ्या जावयाच्या गाडीत नेऊन ठेवल्या आहेत, आणि बाळाला अंघोळ घालायला तो कामावरून येईपर्यंत थांबते.” ती हसत होती आणि मला माझं कुलूप लावलेलं कपाट आठवलं. माझा अंदाज चुकीचा असेल तर मला माफ कर, पत्र फाडून टाक आणि म्हातारीला चळ लागला म्हण. पण चुकीचा नसेल तर ऐक. तू बाळाला काही करणार नाहीस. तू वाईट नाहीस. बाळाला पाठवू नकोस, ठकू, मी पाठवलं होतं आणि भीती बाळाबरोबर गेली नाही, ती माझ्याकडेच राहिली, बाळ तेवढं गेलं. पाकिटात डॉक्टरीणबाईचा नंबर आहे, तिला सगळं आहे तसं सांग, तिने यापेक्षा वाईट ऐकलेलं आहे. आवाज ऐकू येत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर नवऱ्याला आत्ता, या ओळीवरच सांग, थांबू नकोस. ताईला मी सगळं सांगितलं आहे. ती खूप रडली, आणि बाळ न्यायचं नाही हे तिने कबूल केलं आहे. हे पत्र ती आजच तुझ्या हातात देईल. तू हे वाचशील तेव्हा मीही तिच्याबरोबर आलेली असेन, तुझ्या इमारतीच्या जिन्यात खाली बसलेली. मला वर यायची भीती वाटते आहे, खोटं कशाला बोलू. पण तू हाक मारलीस तर मी येईन, आणि आपण दोघी मिळून बाळाला अंघोळ घालू, तुझे हात थरथरले तर माझे असतील, माझे थरथरले तर तुझे. हाक नाही मारलीस तर मी इथेच बसेन, आणि उद्या पुन्हा येईन. रविवार नसला तरी.

तुझीच,
आई